घडी घातलेली स्मृती

संगणकाची स्मृती अपुरी पडते, ही तक्रार संगणकाइतकीच जुनी. मँचेस्टर येथे १९६२ साली सुरू झालेल्या ‘ॲटलस’ यंत्राने तिच्यावर काढलेला तोडगा आजही मोडीत निघालेला नाही. स्मृतीतील मजकुराची पाने करावयाची, लागतील ती हाताशी ठेवावयाची आणि उरलेली संथ पण प्रशस्त अशा चुंबकीय ड्रमवर धाडावयाची. पुढे ड्रमच्या जागी हार्ड डिस्क आली आणि या अदलाबदलीला ‘स्वॅप’ हे नाव रूढ झाले.

मात्र डिस्कवरून पान परत आणण्यास लागणारा वेळ स्मृतीच्या तुलनेत हजारो पटींनी अधिक. तेव्हा पान बाहेर न धाडता त्याची घडी घालून जवळच ठेवले तर? अर्ध्या मात्रेच्या बचतीत पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या आपल्या वैयाकरणांना ही युक्ती खचितच आवडली असती! १९९३ साली फ्रेड डग्लिस यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला. १९९४ मध्ये मॅकिंटॉशसाठी ‘रॅम डबलर’ बाजारात आले.

यानंतरचे प्रकरण आम्हांला सर्वांत बोधक वाटते. १९९५ साली विंडोज ९५ आले, तेव्हा रॅम महाग होती आणि चार मेगाबाइटवर ही प्रणाली रखडत चाले. अशा वेळी ‘सॉफ्टरॅम ९५’ने स्मृती दुप्पट करण्याचे आश्वासन दिले. लाखो प्रती खपल्या. जाणकारांनी आज्ञावली उलगडून पाहिली, तर आत संक्षेपाचा मागमूस नव्हता. १९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली. पण कल्पना खरी असूनही बदनाम झाली, ती झालीच.

तिला प्रतिष्ठा मिळाली ती प्रोसेसर पुरेसे वेगवान झाल्यावर. २०१३ मध्ये मॅकच्या मॅव्हरिक्समध्ये आणि लिनक्सच्या ‘झेडस्वॅप’मध्ये, २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये ती अवतरली. २०२० च्या फेडोरा ३३ ने तर डिस्कवरील स्वॅप वगळून ‘झेडरॅम’ हाच प्रघात केला.

तरीही निवड उरतेच. झेडरॅम घडी घातलेली पाने स्मृतीतच ठेवतो; झेडस्वॅप स्मृतीत जागा न उरल्यास ती डिस्ककडे सोपवतो. जुन्या, संथ डिस्कच्या संगणकावर आम्ही पहिला पर्याय निवडू. मात्र आधीच संक्षिप्त असलेल्या छायाचित्रांची आणखी घडी पडत नाही. शिवाय काम अर्धवट ठेवून यंत्र हायबरनेट करावयाचे, तर स्मृतीतला मजकूर वीज जाताच पुसला जातो. त्यासाठी डिस्कवर जागा राखून ठेवावीच लागते.