राखीव खात्यांची कुळकथा: जोहान्सबर्ग, मुंबई, बेलफास्ट, एडिनबरा

एडिनबराच्या होलीरूड भागातल्या स्कॉटिश संसदेचा आठवडा साधारणपणे मंगळवार ते गुरुवार असतो. सकाळी समित्या बसतात, दुपारी सभागृह भरते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास दिवसभराच्या ठरावांवर मतदान होते. या संसदेला वरिष्ठ सभागृह नाही. त्यामुळे विधेयकाची खरी तपासणी समित्यांतच होते: साक्षी, कागदपत्रे, कलमवार दुरुस्त्या, सगळे तिथेच. पण समितीच्या हाती विधेयक पडण्याआधी एक चाळणी असते. विधेयक दाखल होतानाच पीठासीन अधिकाऱ्याला लेखी मत द्यावे लागते, की हा विषय या संसदेच्या कक्षेतला आहे की नाही. लोकांचे विनंती अर्ज ऐकणारी समितीही आधी तेच बघते. मंत्र्यांना प्रश्न विचारला तर कित्येकदा उत्तर येते, हा विषय राखीव आहे, लंडनला विचारा.

ही राखीव विषयांची यादी 1998 च्या स्कॉटलंड कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात आहे. राज्यघटना, परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण हे त्यातले अपेक्षित विषय. त्यांच्यामागून चलन, इमिग्रेशन, प्रसारण, रोजगार कायदा येतात. शेवटी शेवटी घड्याळाची वेळ आणि बाह्य अवकाशसुद्धा येते. 2012 च्या कायद्याने अंटार्क्टिकाची भर घातली. यादीत नाही ते सगळे एडिनबराचे: शाळा, दवाखाने, न्यायालये, शेती, पोलीस.

'राखीव' म्हटले की मराठी वाचकाला शाळेतले इतिहासाचे पुस्तक आठवावे. 1919 चा मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड कायदा, द्विदल राज्यपद्धती, राखीव खाती आणि सोपीव खाती. परीक्षेपुरते पाठ करून आपण ते विसरलो: प्रांताची राखीव खाती गव्हर्नरच्या हाती, सोपीव खाती कौन्सिलला, म्हणजे प्रांताच्या विधिमंडळाला, जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे. त्या कायद्याखाली 1920 साली भारत सरकारने केलेल्या नियमांचे अधिकृत नाव 'डिव्हॉल्यूशन रूल्स' होते. आज ब्रिटनमध्ये एडिनबरा, कार्डिफ आणि बेलफास्टच्या कारभाराला जो शब्द सर्रास लावतात, तोच शब्द तेव्हा मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या कारभाराच्या नियमांवर छापलेला होता.

एवढ्यावरून नाते सिद्ध होत नाही, शब्द योगायोगानेही जुळतात. मला या प्रकरणाचे वेड लागले ते रिचर्ड फीथम या एका नावामुळे. आयर्लंडच्या फाळणीबद्दल वाचताना 1924-25 च्या सीमा आयोगाचे अध्यक्ष म्हणून हे नाव भेटले. उत्तर आयर्लंड आणि आयरिश फ्री स्टेट यांच्यातली रेषा कुठून न्यायची हे ठरवणारा तो आयोग. त्याचा मसुदा नोव्हेंबर 1925 मध्ये एका लंडनच्या वर्तमानपत्रात फुटला, मोठा गदारोळ झाला आणि अहवाल दडपला गेला. तो छापून आला थेट 1969 साली. नाव ओळखीचे वाटले म्हणून मागे गेलो, तर हेच फीथम 1918-19 च्या हिवाळ्यात भारतात होते. केंद्राकडे कोणते विषय, प्रांतांकडे कोणते, आणि प्रांतांच्या विषयांतले राखीव कोणते व सोपीव कोणते, हे ठरवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. मतदानाचा हक्क कुणाला द्यायचा हे ठरवणारी साउथबरो समिती हिचीच जोडसमिती. त्या समितीपुढे 27 जानेवारी 1919 रोजी मुंबईत डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली होती.

म्हणजे ज्या माणसाने भारतात कारभाराच्या विषयांमध्ये रेषा आखली, त्यालाच पाच-सहा वर्षांनी आयर्लंडमध्ये जमिनीवर रेषा आखायला बसवले. तो एकटाही नव्हता. बोअर युद्धानंतर लॉर्ड मिल्नरने दक्षिण आफ्रिकेत ऑक्सफर्डच्या तरुणांची एक फळी जमवली होती. 'मिल्नरचे किंडरगार्टन' या नावाने ती प्रसिद्ध आहे. त्यातले लायनेल कर्टिस जोहान्सबर्ग नगरपालिकेचे टाउन क्लार्क होते आणि त्यांच्यामागून त्या खुर्चीत बसले ते फीथम. पुढे कर्टिस साम्राज्याच्या ऐक्यासाठी झटणाऱ्या 'राउंड टेबल' गटाचे प्रमुख प्रचारक झाले आणि भारतासाठी द्विदल पद्धतीचा पाठपुरावा त्यांनीच सर्वांत जोराने केला. 1921 साली आयरिश तहाच्या वाटाघाटींत ब्रिटिश शिष्टमंडळाच्या चिटणिसांत ते होते, आणि नंतर वसाहत खात्यात आयरिश प्रश्नाचे सल्लागारही. 1919 च्या भारतविषयक विधेयकाची छाननी करणाऱ्या संयुक्त समितीचे अध्यक्ष लॉर्ड सेल्बर्न होते. ते पूर्वी दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर होते आणि त्यांच्या नावाने 1907 साली निघालेले दक्षिण आफ्रिकेच्या एकीकरणाचे प्रसिद्ध टिपण मुख्यतः कर्टिसनेच लिहिले होते.

तारखाही बघा. भारताच्या कायद्यावर राजाची संमती 23 डिसेंबर 1919 ला झाली, आणि उत्तर आयर्लंडला विधिमंडळ देणाऱ्या आयर्लंडच्या कायद्यावर 23 डिसेंबर 1920 ला, बरोबर एका वर्षाने. याच सुमारास लंडनला हाउस ऑफ कॉमन्सच्या सभापतींच्या अध्यक्षतेखाली एक परिषद इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सला स्वतंत्र विधिमंडळे द्यायची झाल्यास कोणते विषय द्यावेत याचा खल करत होती. ती कागदावरच राहिली. पण एकाच वर्षात मुंबई, बेलफास्ट आणि एडिनबरासाठी विषयांच्या याद्या चालू होत्या, हे मला फार मोलाचे वाटते.

यावरून माझे म्हणणे असे, की ब्रिटनमधल्या राखीव विषयांच्या पद्धतीचे एक मूळ भारतात आहे. आता प्रतिस्पर्धी मतांकडे येतो, कारण ती भक्कम आहेत. कॅनडाच्या 1867 च्या कायद्यात केंद्राच्या आणि प्रांतांच्या विषयांच्या दोन याद्या आहेतच. कॅनडाचा दावा मी एका वाक्यात निकाली काढतो: ते संघराज्य आहे, तिथे वरचे सरकार खालच्याला अधिकार उसने देत नाही. आयर्लंडचा दावा मात्र सहज उडवता येत नाही. ग्लॅडस्टनच्या 1886 च्या होमरूल विधेयकात आयरिश विधिमंडळाला वर्ज्य विषय मोजून दिले होते. 1914 च्या होमरूल कायद्यात तर 'राखीव' हा शब्दच आहे. रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी हे पोलीस दल सहा वर्षे लंडनकडे राखीव राहणार होते. भारतमंत्री मॉन्टेग्यू सुधारणांच्या कामासाठी भारतात यायच्या तीन वर्षे आधीची ही गोष्ट. शब्दाचे जन्मगाव म्हणून आयर्लंडचेच नाव लावावे लागते, आणि मी ते लावतो.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. आपल्या डिव्हॉल्यूशन रूल्समध्ये यादी छापली होती ती सोपीव विषयांची. प्रांताच्या विषयांपैकी जे त्या यादीत नाही ते आपोआप राखीव. एडिनबरात नेमके उलटे आहे: राखीव छापलेले, बाकीचे सगळे दिलेले. या बाबतीत मुंबईशी जुळतो तो स्कॉटलंडचा 1978 चा कायदा. त्याने दिलेल्या विषयांची लांबलचक यादी केली होती. 1 मार्च 1979 च्या सार्वमतात बहुमत मिळूनही एकूण मतदारांच्या 40 टक्क्यांची अट पुरी झाली नाही आणि तो कायदा अमलात न येताच रद्द झाला. पुढे 1996 मध्ये लंडनच्या कॉन्स्टिट्यूशन युनिट या अभ्यासगटाने अहवाल काढून सांगितले की देण्याची यादी करू नका, ती सतत दुरुस्त करत बसावी लागेल. राखण्याची करा, उत्तर आयर्लंडच्या 1920 च्या कायद्यासारखी. 1998 मध्ये तेच झाले. तेव्हा एडिनबराचा बाप बेलफास्ट, हे मान्य.

पण बेलफास्टची वंशावळ एका पिढीवर थांबत नाही. आज तिथे तीन कप्पे आहेत. काही विषय कायमचे वगळलेले, काही राखीव, काही सोपीव. 1973 आणि 1998 च्या कायद्यांत ही त्रिवर्गवारी स्पष्ट आहे. इथला 'राखीव' स्कॉटलंडच्या 'राखीव'हून वेगळा आहे. स्कॉटलंडमध्ये राखीव म्हणजे लंडनचे. बेलफास्टमध्ये राखीव म्हणजे आज नाही, पण तुम्ही नीट चालवून दाखवलेत तर उद्या. पोलीस आणि न्याय हे विषय असेच ताटकळत होते. दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींची संमती मिळाली तेव्हाच, 12 एप्रिल 2010 रोजी, ते बेलफास्टच्या हाती आले.

ही कल्पना मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड योजनेचीच, असे मी म्हणतो. 1914 च्या आयरिश कायद्यात पोलिसांसाठी मुदत होती, सहा वर्षे. वर्षे भरली की सुटका. मॉन्टेग्यूच्या योजनेत मुदत नव्हती, परीक्षा होती. मंत्री आणि कौन्सिल जबाबदारीने वागतात का ते बघायचे, दहा वर्षांनी आयोग नेमायचा, मग सोपीव विषय वाढवायचे. सायमन कमिशन आले ते याच तरतुदीखाली. मुदतीच्या जागी वर्तणूक ही कसोटी कारभाराच्या कायद्यात भारतातून आली असे मला वाटते, आणि ती आयर्लंडला नेणारी माणसे म्हणून माझे बोट कर्टिस आणि त्याच्या गटाकडे जाते. 1921 नंतर वसाहत खात्यात आयर्लंडचे कागद कर्टिसच्या टेबलावरून जात होते. द्विदलाचा इतका मोठा पुरस्कर्ता तिथे बसून आपली आवडती युक्ती विसरला असेल, हे मला पटत नाही.

ही पद्धत रोजच्या कामात कशी दुखते तेही दोन्हीकडे सारखेच आहे. मुंबई कौन्सिलात 1921 साली रँग्लर र. पु. परांजपे शिक्षणमंत्री झाले. शिक्षण सोपीव, पण युरोपियन आणि अँग्लो-इंडियन शिक्षण राखीव, आणि पैशाची चावी म्हणजे वित्त खातेही राखीव. अशा अवस्थेत त्यांच्या कारकिर्दीत 1923 चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, याचे श्रेय त्यांना पुरेसे मिळत नाही. मद्रासचे मंत्री के. व्ही. रेड्डी यांची तक्रार गाजलेली आहे: शेती खाते आपले, पण पाटबंधारे दुसऱ्याचे, उद्योग आपले, पण कारखाने दुसऱ्याचे. 1924 साली द्विदल कारभार तपासायला मुडिमन समिती नेमली गेली, तेव्हा सप्रू, जिना आणि शिवस्वामी अय्यर यांच्याबरोबर परांजप्यांनीही वेगळे मत नोंदवले की ही पद्धत दुरुस्तीने सुधारणारी नाही.

त्याच कौन्सिलात 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. स्थानिक स्वराज्य संस्था सोपीव होत्या. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. पण पोलीस राखीव होते आणि ठरावामागे दंडशक्ती नव्हती. 20 मार्च 1927 ला लोकांना स्वतः तळ्यावर जावे लागले. द्विदल पद्धतीवर इंग्रजीत ग्रंथ पुष्कळ आहेत, पण त्यांत महाडला जी जागा मिळायला हवी ती मिळालेली नाही.

आता एडिनबरा. आरोग्य खाते तिथल्या संसदेचे, पण अमली पदार्थांचा 1971 चा कायदा राखीव. ग्लासगोत अतिसेवनाने माणसे मरत होती. देखरेखीखाली सेवन करता येईल असे केंद्र काढावे असे आरोग्याची माणसे वर्षानुवर्षे सांगत होती. समित्यांनी साक्षी घेतल्या, अहवाल दिले, पण कायदा लंडनचा. अखेर सप्टेंबर 2023 मध्ये स्कॉटलंडच्या सरकारी वकिलांचे प्रमुख असलेल्या लॉर्ड अॅडव्होकेटने सांगितले की अशा केंद्रात अमली पदार्थ नुसते बाळगल्याबद्दल खटले भरणे सार्वजनिक हिताचे नाही, आणि जानेवारी 2025 मध्ये ते केंद्र सुरू झाले. औषधोपचार एका सरकारचा आणि त्यावरचा फौजदारी कायदा दुसऱ्याचा, ही रेड्डींचीच तक्रार आहे.

रेषेवरून भांडण झाले की ते कोर्टात जाते. विधेयकाचा मूळ हेतू कोणत्या विषयाचा, यावर ते कक्षेत आहे की नाही हे ठरते. ही कसोटी कॅनडाच्या खटल्यांतून 1937 मध्ये उत्तर आयर्लंडच्या दुधाच्या एका खटल्यात आली. 1947 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती बंगालच्या सावकारी कायद्याला लावली आणि 1951 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दारूबंदी कायद्याला, बलसारा खटल्यात. 23 नोव्हेंबर 2022 रोजी लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वातंत्र्याच्या सार्वमताचे विधेयक राखीव विषयाशी निगडित असल्याचा निकाल दिला, तेव्हाही वाद याच रेषेवरचा होता.

1 एप्रिल 2018 पासून वेल्सनेही राखीव विषयांची यादी स्वीकारली. त्या पद्धतीची कुळकथा ब्रिटनमधली पुस्तके बेलफास्टपासून सुरू करतात. ती एक मुक्काम मागे, मुंबई-मद्रासच्या कौन्सिलांपर्यंत नेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी पुरावा इथल्या कागदांतही सापडू शकेल. ज्यांच्या घरी त्या काळच्या मुंबई कौन्सिलातल्या सभासदांची टिपणे, पत्रे किंवा कामकाजाचे छापील खंड असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयाला द्यावेत.