गिअर पंपाची फेरजोडणी : गळती रोखण्याचा इतिहास

दुरुस्तीसाठी उघडलेला गिअर पंप टेबलावर मांडला तर त्यात मोजून दहा-बारा भाग निघतात. दोन दातेरी चाके, त्यांची बुशे, मधली बॉडी, पुढचे-मागचे कव्हर, ऑइल सील, काही रबरी रिंगा आणि बोल्ट. एवढे थोडे भाग असूनही जोडणीनंतर पंप दाब का देत नाही, असा प्रश्न घेऊन दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी वर्कशॉपमध्ये उभा असतो. उत्तर बहुधा चाकांमध्ये नसते, चाकांभोवतीच्या फटींमध्ये असते. त्या फटी माणसाने कशा बुजवल्या हे या टिपणात पाहू. जोडणीचा क्रम त्यातूनच कळत जाईल.

गिअर पंपाची कल्पना बरीच जुनी आहे. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा केप्लर प्रागला असताना, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, एकमेकांत गुंतलेल्या दोन दातेरी चाकांनी पाणी उचलण्याच्या यंत्रावर काम करत होता. 1636 या सालाशी पापेनहाइमचे नाव जोडले जाते. व्हॉल्व्ह नाही, दट्ट्या नाही, चाके फिरली की दातांमधल्या पोकळीतून द्रव पलीकडे जातो, ही मोठी सोय होती. तरीही पुढची दोनशे वर्षे हा पंप फारसा पुढे गेला नाही. चाकाची बाजू आणि कव्हर यांच्यातली फट पुरेशी लहान ठेवता येईल अशी यंत्रेच तेव्हा नव्हती.

इथे थोडे गणित करू. दोन सपाट पृष्ठभागांमधल्या अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. समजा मूळ फट 0.05 मिलिमीटर होती आणि तुम्ही जाड कागदाचे गॅस्केट कापून बसवल्यामुळे ती 0.25 झाली. फट पाचपट झाली आणि तिच्यातली गळती, बाकी सारे तसेच राहिले तर, 125 पट. इंजिनातल्या साध्या ऑइल पंपात कव्हरखालचे पातळ गॅस्केट ही फट ठरवते. म्हणून तिथे गॅस्केट म्हणजे नुसते तेल अडवणारा कागद नव्हे, तो एक मोजमापाचा भाग आहे. पुठ्ठ्याचे गॅस्केट घातलेला पंप बाहेरून अगदी कोरडा दिसेल, एक थेंब सांडणार नाही, आणि दाबमापकाचा काटा मात्र जागचा हलणार नाही. सगळी गळती आतल्या आत.

दुसरी फट शाफ्ट बाहेर येतो तिथली. वाफेच्या इंजिनांच्या काळात तिथे चरबीत भिजवलेले ताग-अंबाडीचे दोर भरून वरून ग्लँड आवळत. आजही साखर कारखान्यात मळी ओढणाऱ्या संथ पंपांवर तुम्हाला ग्लँडची दोरी दिसेल. फिटर ती बेताने आवळतो. पाण्याच्या पंपाच्या ग्लँडमधून तर थोडे थेंब पडायलाच हवेत, नाहीतर दोरी जळते आणि शाफ्टवर चर पडतात. गळती पूर्ण थांबवणे हे नेहमीच ध्येय नसते, हे नवशिक्याला पटवणे अवघड जाते.

वेगवान यंत्रांना हे पुरेना. जर्मनीतल्या वाइनहाइमची फ्रॉइडेनबर्ग ही मुळात कातडे कमावणारी कंपनी. मंदीच्या काळात तिने मोटारगाड्यांसाठी कातड्याची सील करायला घेतली आणि तिथल्या वाल्टर झिमर यांच्या नावावरून त्या सीलला झिमररिंग म्हणू लागले. 1936 च्या सुमारास कातड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते, म्हणून त्याच दशकात निघालेले नायट्राइल रबर इथे महत्त्वाचे ठरले. ओ-रिंगची गोष्ट तर आणखी गमतीची. डेन्मार्कमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेले नील्स क्रिस्टेन्सन यांनी 1937 मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. पेटंट 1939 मध्ये मिळाले आणि लगेच महायुद्धात विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणांना ओ-रिंगा लागू लागल्या.

या दोन सीलमधला फरक नीट समजून घ्या, परीक्षेसाठी नाही, हातासाठी. ओ-रिंग आपल्या खाचेत किंचित दाबलेली बसते. तेलाचा दाब तिला खाचेच्या एका भिंतीकडे ढकलतो, म्हणजे दाब जितका अधिक तितकी ती घट्ट. ऑइल सीलचा ओठ मात्र शाफ्टवर हलकाच टेकलेला असतो, त्याला मोठा दाब सोसत नाही. म्हणून बहुतेक गिअर पंपांत सीलच्या मागे झिरपून आलेले तेल परत सक्शनकडे नेणारे एक बारीक भोक ठेवलेले असते.

त्या भोकाचे मोल मला एका फजितीने शिकवले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एक पंप उघडून स्वच्छ केला, जोडला, आणि गळायला नको म्हणून कव्हरला लिक्विड गॅस्केट सढळ हाताने फासले. पंप सुरू केल्यावर दोन मिनिटांत ऑइल सील टपकन बाहेर आले. मी सीलला नावे ठेवली, नवे आणले. तेही बाहेर. तिसरे बाहेर आल्यावर मी तो पंप चंडीगडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेला. त्यांनी सीलकडे पाहिलेच नाही. कव्हर उघडून एक तार घेतली आणि भोकातून माझेच वाळलेले गॅस्केट उकरून काढले. चहाचे पैसेही घेतले नाहीत, याची मला अधिक लाज वाटली.

हे ज्ञान त्या गल्ल्यांमध्ये कुठून आले? त्यासाठी या भागाचा थोडा इतिहास लागतो. हरितक्रांतीच्या काळात पंजाब-हरियाणात ट्रॅक्टर आले ते बरेचसे परदेशी होते. ट्रॅक्टरचा नांगर उचलणारी लिफ्ट हायड्रॉलिक, आणि तिला तेल पुरवायला बहुतेक ठिकाणी गिअर पंपच. परकीय चलनाची चणचण असल्याने सुटे भाग सहज मिळत नसत. पुढे चंडीगडजवळच्या पिंजोरला एचएमटीने 1971 मध्ये झेक सहकार्याने झेटॉर जातीचे ट्रॅक्टर बांधायला सुरुवात केली. शेजारच्या मोहालीत वेगळाच प्रयोग झाला. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत 1965 पासून आखलेला देशी ट्रॅक्टर बनवण्यासाठी 1970 मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी निघाली आणि 1974 मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. परदेशी सहकार्य न घेतलेल्या त्या ट्रॅक्टरचे नाव ‘स्वराज’. मराठी माणसाला या शब्दाचे वेगळे स्पष्टीकरण नको.

कारखाना यंत्र बनवतो, पण पेरणीच्या आठवड्यात ते चालते ठेवतो तो कोपऱ्यावरचा मिस्त्री. पुस्तिका इंग्रजीत, मिस्त्री पंजाबीत. तरी भाग उघडण्यापूर्वी दातांवर आणि बॉडीवर खुणा करण्याची शिस्त त्याच्याकडे आहे आणि आपल्या पदवीधरांकडे अनेकदा नाही.

या खुणा कशासाठी? चालताना डिलिव्हरीकडचा दाब चाकांना सक्शनच्या बाजूला ढकलतो. तिथे दातांची टोके बॉडीला हलकेच घासून आपली जागा करतात. दुरुस्तीनंतर बॉडी उलटी बसली तर हा घासलेला भाग दाबाच्या बाजूला येतो आणि पंप कमजोर होतो. जुनी चाके एकमेकांत ज्या दातांनी बसली होती तशीच बसवावीत, बुश ज्या बाजूचे त्याच बाजूला जावे. एका दिशेने फिरणाऱ्या पंपात दिशा चुकली तर आणखी वाईट : सीलमागचे ते भोक दाबाच्या बाजूला उघडते आणि नवे सील उडते.

महायुद्धाच्या काळात विमानांसाठी आलेली एक युक्ती आता ट्रॅक्टरच्या पंपातही असते. बुश घट्ट बसवलेले नसते, थोडे सरकते. त्याच्या पाठीला पंपाचेच दाबाखालचे तेल दिले जाते आणि ते बुशला चाकांवर टेकवून ठेवते. झीज झाली तरी फट आपोआप भरून निघते. किती भागावर दाब द्यायचा हे 3 च्या आकाराची एक रबरी पट्टी ठरवते. ती उलटी बसली, पिळली किंवा तिच्यामागची कडक आधारपट्टी विसरली, तर एकतर बुश चाकांना करकचून घासते किंवा सैल राहून तेल सोडते. ती पट्टी कोणत्या दिशेला हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. इथे अंदाज करू नका, आकृती पाहा.

बाकी जोडणी पटकन सांगतो. भाग पुसायला सूत सुटणारे फडके नको. चाके आणि बुशे त्याच तेलात भिजवून बसवा. सीलचा ओठ आतल्या तेलाकडे. खाचा किंवा स्प्लाइनवरून सील सरकवताना शाफ्टला पातळ टेप गुंडाळा, नाहीतर ओठ चिरतो आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. ओ-रिंगला ग्रीस लावा, सीलंट नव्हे. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने. प्रत्येक फेरीनंतर शाफ्ट हाताने फिरवून पाहा. सारखा जड लागला तर चालेल, एका जागी अडला तर उघडा. पंपात तेल भरल्याशिवाय तो सुरू करू नका, आणि पहिली काही मिनिटे भाराविना चालवा. चंडीगडच्या जानेवारीत तेल घट्ट आणि रबर कडक असते, तेव्हा ही मिनिटे वाढवा. थंडीत रबराचे काय होते ते 1986 मध्ये चॅलेंजर यानाने जगाला दाखवले. चौकशीत फाइनमन यांनी ओ-रिंगचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून तेच दाखवले होते.

अलीकडे अनेक ठिकाणी पंप उघडतच नाहीत, सरळ बदलतात. बॉडीत खोल चर पडले असतील तर ते योग्यही आहे. पण पन्नास-शंभर रुपयांचे सील गेले म्हणून हजारोंचा पंप भंगारात जातो, तेव्हा तो खर्च शेतकऱ्याच्या माथी पडतो. पुढच्या प्रात्यक्षिकाला येताना प्रत्येक गटाने असा एक टाकून दिलेला पंप, फीलर गेज आणि एक बारीक तार घेऊन या. आधी खुणा करू, मग उघडू.