असमकालिक विधान-निष्पादन

संगणकीय कार्यक्रमातून विदागाराकडे एसक्यूएल भाषेतील विधान पाठविल्यावर उत्तरासाठी खोळंबून न राहता कार्यक्रमाने पुढील काम चालू ठेवणे व उत्तर प्रत्यक्ष लागेल तेव्हा ते स्वीकारणे, या पद्धतीस असमकालिक विधान-निष्पादन म्हणतात. विदागार म्हणजे सुसूत्रपणे साठविलेल्या माहितीचा संग्रह. व्यवहारात त्यास डेटाबेस म्हणतात. उत्तर हाती येईपर्यंत कार्यक्रम जेथल्या तेथे थांबून राहतो, ती समकालिक पद्धत होय. असमकालिक पद्धतीने एकेका विधानास लागणारा वेळ कमी होत नाही. मात्र अनेक विधानांचा प्रतीक्षाकाल एकाच वेळी सरतो.

या प्रतीक्षेचे मूळ केवळ संगणकाच्या वेगात नसून अंतरातही असते. पाचोरा (जि. जळगाव) हे मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक मुंबईपासून सु. ३७० किमी. अंतरावर आहे. तेथील एखाद्या कार्यालयात १०० गावांच्या कापूस-लागवडीची यादी करावयाची असून विदागार मुंबईस आहे, असे समजल्यास प्रत्येक गावासाठी एक पृच्छा पाठवावी लागेल. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदास सु. २ लक्ष किमी. वेगाने जातो. म्हणजे विदागाराने शून्य वेळात उत्तर दिले, तरी एका पृच्छेच्या जाण्यायेण्यास सु. ३.७ मिलिसेकंद लागतात आणि एकामागून एक १०० पृच्छांस सु. ३७० मिलिसेकंद. संगणक कितीही वेगवान केला, तरी हा काळ घटत नाही. सर्व पृच्छा एकदम रवाना केल्यास मात्र तत्त्वतः एकाच फेरीइतका काळ पुरतो.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये विदागाराचे संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यावर आधारलेली सीक्वेल ही भाषा डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये आयबीएम या कंपनीत प्रसिद्ध केली. तीच पुढे एसक्यूएल झाली. तिला १९८६ मध्ये अमेरिकेचे व १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणकाचे स्थान मिळाले. ही विधाने कोबॉलसारख्या भाषेतील कार्यक्रमांत अंतर्भूत करण्याची प्रथा पडली आणि इतर आज्ञांप्रमाणेच एक विधान पुरे झाल्यावर दुसरे, हा क्रम गृहीत धरला गेला. कार्यक्रम व विदागार एकाच यंत्रावर असताना त्यात फारसे काही बिघडत नव्हते. दोन्ही निरनिराळ्या यंत्रांवर गेले, तेव्हा प्रतीक्षेची किंमत जाणवू लागली.

मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेल्या ओडीबीसी या जोडणी-व्यवस्थेत ‘काम अद्याप चालू आहे’ असे उत्तर देऊन कार्यक्रमास मोकळे करण्याची सोय होती. पोस्टग्रेस या मुक्त विदागाराच्या १९९८ मधील आवृत्तीत पृच्छा पाठविणे व उत्तर घेणे या दोन स्वतंत्र क्रिया करता येऊ लागल्या. याउलट जावा भाषेची जेडीबीसी ही बहुप्रचलित व्यवस्था समकालिकच राहिली. सोयी उपलब्ध असूनही त्यांचा वापर मर्यादित होता. पाठविलेल्या प्रत्येक पृच्छेची नोंद ठेवून तिचे उत्तर योग्य जागी जोडण्याचे काम किचकट असते व त्यात चुका सहज होतात.

ही अडचण दूर करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रात, मुंबईतील पवई येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत झाला. रवींद्र गुरवण्णवर व एस. सुदर्शन यांनी २००८ मध्ये अनेक पृच्छांचा एकत्र गट करण्याच्या पद्धतीविषयी निबंध प्रसिद्ध केला होता. महेंद्र चव्हाण, गुरवण्णवर, कार्तिक रामचंद्र व सुदर्शन यांनी २०११ मध्ये असमकालिक पृच्छांसंबंधीचा शोधनिबंध मांडला. समकालिक रीतीने लिहिलेल्या कार्यक्रमाचे असमकालिक रूप यंत्रानेच तयार करावे, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. वरील उदाहरणात १०० वेळा फिरणाऱ्या आज्ञांच्या फेऱ्याचे दोन भाग केले जातात. पहिला फेरा सर्व पृच्छा पाठवून प्रत्येकीची खूण जपतो. दुसरा त्या खुणांवरून मूळ क्रमानेच उत्तरे घेतो. कोणती आज्ञा कोणत्या मूल्यावर अवलंबून आहे, याचे विश्लेषण करून आवश्यक तेथे आज्ञांचा क्रमही बदलला जातो. या नियमांनुसार जावा कार्यक्रमांचे रूपांतर करणारे साधन संशोधकांनी तयार केले. कोणती प्रतीक्षा अटळ आहे आणि कोणती केवळ लिहिण्याच्या सवयीतून आली आहे, हा प्रश्न त्यामुळे अंदाजावर न राहता नियमांनी सोडविता येऊ लागला.

या पद्धतीस स्पष्ट मर्यादा आहेत. एका पृच्छेच्या उत्तरावरच पुढची पृच्छा ठरत असेल, तर थांबणे भाग असते. एका जोडणीवर सामान्यतः एका वेळी एकच विधान चालते. म्हणून अनेक जोडण्या लागतात व त्यांची संख्या अमर्याद वाढविल्यास विदागारावर ताण येतो. शिवाय निरनिराळ्या जोडण्यांस माहितीची एकाच क्षणाची स्थिती दिसेल, याची खात्री नसते. एका खात्यातून रक्कम वजा करणे व दुसऱ्यात जमा करणे, ही विधाने एकाच अखंड व्यवहाराचा भाग असावी लागतात. सर्वांत मोठा धोका अपयश नजरेआड होण्याचा असतो. विधान पाठविले गेले म्हणजे ते सफल झाले, असे नव्हे. उत्तर न तपासताच ‘रक्कम जमा झाली’ असे कळविणारा कार्यक्रम वेगवान असला, तरी विश्वासार्ह नसतो.

पुढील काळात प्रोग्रॅमिंगच्या भाषांनीच हा भार उचलला. सी शार्प (२०१२), पायथन (२०१५) व जावास्क्रिप्ट (२०१७) या भाषांत प्रतीक्षेची जागा दर्शविणारी खास शब्दरचना आली व असमकालिक कार्यक्रम समकालिकासारखा सरळ लिहिता येऊ लागला. जावासाठी आखलेली असमकालिक विदागार-जोडणीची एक योजना ओरॅकलने २०१९ मध्ये थांबविली. २०२३ च्या जावा आवृत्तीत त्याऐवजी अल्पखर्ची आभासी कार्यधारा आल्या. त्यांत विधानासाठी थांबणे स्वस्त होते. तथापि कोणती विधाने एकमेकांवर अवलंबून नाहीत, हे यांपैकी कोणतीही सोय आपोआप ठरवीत नाही. तो निर्णय कार्यक्रम लिहिणाऱ्यावर, किंवा पवई येथे विकसित झालेल्या पद्धतींसारख्या विश्लेषणावर, अवलंबून राहतो.