सेट टॉप बॉक्समधलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर कसं घ्यायचं? आधी हे वाचा, मग पेनड्राइव्ह लावा

सोलापूर : आषाढीची शासकीय महापूजा पहाटे दूरदर्शनवर थेट दाखवतात. वारीच्या बातम्यांत कधी गावची दिंडी दिसते, कधी घरातलं माणूस. असं रेकॉर्डिंग बॉक्सला लावलेल्या पेनड्राइव्हवर करणारी बरीच घरं जिल्ह्यात आहेत. अडचण येते ती नंतर. पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला की फाईल उघडत नाही, 'फॉरमॅट करा' असं येतं, आणि घाईत 'ओके' दाबलं की सगळं साफ.

आधी बॉक्स कोणता ते बघा

डीडी फ्री डिश ही मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. ही वाहिन्या दाखवणाऱ्या बाजारातल्या साध्या बॉक्सचं रेकॉर्डिंग बहुधा कुलूपबंद नसतं, ते कॉम्प्युटरवर घेता येतं. महिन्याचं रिचार्ज लागणाऱ्या डीटीएच कंपन्यांच्या बॉक्सचं तसं नाही. त्यातलं रेकॉर्डिंग सांकेतिक रूपात असतं आणि सहसा त्याच बॉक्सवर चालतं. बॉक्स बिघडला किंवा बदलून घेतला तर जुनं रेकॉर्डिंग गेलं असंच धरून चाला. त्याची डिस्क कॉम्प्युटरला ओळखूही येत नाही.

पेनड्राइव्ह रिकामाच लावा

नवा ड्राइव्ह लावल्यावर बरेच बॉक्स तो फॉरमॅट करायला मागतात. त्यावर लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ असतील तर तेही पुसले जातात. म्हणून रेकॉर्डिंगला वेगळा ड्राइव्ह ठेवा.

जुने बॉक्स फॅट ३२ प्रकारचा ड्राइव्ह ओळखतात. त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. साध्या वाहिनीचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण १ ते दीड जीबी होतं. त्यामुळे लांबलचक कार्यक्रमाचे दोन-तीन तुकडे पडतात. ते खराब झालेले नसतात, सगळे कॉपी करा. बॉक्स एनटीएफएस घेत असेल तर हा प्रश्न येत नाही.

टायमर लावण्याआधी बॉक्सचं घड्याळ तपासा. त्यात भारताची वेळ म्हणजे ५:३० पुढे असा पर्याय निवडलेला नसेल, तर पहाटेची पूजा सोडून भलतंच रेकॉर्ड होतं. मध्येच लाईट गेली तर चालू फाईल अर्धवट राहू शकते. महत्त्वाच्या दिवशी बॉक्स आणि टीव्ही इन्व्हर्टरवर घ्या.

बॉक्समधून कॉम्प्युटरवर

१) रिमोटवरून रेकॉर्डिंग थांबवा. चालू असताना ड्राइव्ह उपटू नका.
२) ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावा. 'फॉरमॅट' विचारलं तर 'कॅन्सल' करा.
३) रेकॉर्डिंगचं फोल्डर जसंच्या तसं हार्डडिस्कवर कॉपी करा. ड्राइव्हवरची मूळ फाईल लगेच पुसू नका.
४) फाईल व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडा. फाईलच्या नावाला शेवटी टीएस, एमटीएस किंवा डीव्हीआर असं असतं. टीएस बहुधा लगेच चालते. डीव्हीआरचं काही बॉक्समध्ये जमतं, काहीत नाही.
५) मोबाईलवर पाठवायची असेल तर हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमने एमपी ४ करा. हलत्या चित्रावर आडव्या रेघा दिसत असतील तर 'डिइंटरलेस' चालू करा.

कॉम्प्युटरवरून टीव्हीवर

उलट्या बाजूने अडतं ते फाईलच्या प्रकारावर. हल्लीचे काही मोबाईल एच २६५ प्रकारात व्हिडिओ काढतात. जुना बॉक्स किंवा टीव्ही तो घेत नाही. मग आवाज येतो पण चित्र नाही, किंवा 'फाईल सपोर्ट नाही' असं दिसतं. हँडब्रेकमध्ये एच २६४, आवाज एएसी, ७२० किंवा १०८० असं निवडलं की बहुतेक टीव्हीवर चालतं. अगदी जुने बॉक्स मात्र एवढंही घेत नाहीत. अशा वेळी लॅपटॉप एचडीएमआय वायरने थेट टीव्हीला जोडलेला बरा. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि लहान ठेवा. मराठी नावं काही बॉक्सवर चौकोन होऊन दिसतात.

दोन ठिकाणी ठेवा

पेनड्राइव्ह ही कायमची तिजोरी नव्हे. आज्जी-आजोबा दिसणारं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर एक आणि वेगळ्या हार्डडिस्कवर एक, असं ठेवा. व्हीएचएस कॅसेटचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. कॅसेट कपाटात आहेत, पण जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि आता त्या चालवायला यंत्र मिळणं मुश्किल.

एक ध्यानात ठेवा. वाहिनीचा कार्यक्रम घरी बघण्यासाठी ठेवणं वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं. तिथे कॉपीराइटची तक्रार येऊ शकते.