कॅथेटरची रचना आणि कराड-मिरजेचा अधिकार

मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून हृदयापर्यंत पोचणारी साधनं घडवणं हे सातारा-सांगलीचं काम नव्हे. ती परदेशातून, फार तर सुरत-वापीहून विकत घ्यावीत आणि आपल्या डॉक्टरांनी हात बसवून वापरावीत, हे मत आज डॉक्टर, इंजिनिअर आणि कारखानदार या तिघांतही रूढ आहे. मला ते चुकीचं वाटतं. पण पूर्वपक्ष हलका नाही, म्हणून आधी तो नीट मांडतो.

अँजिओप्लास्टीचा 6 फ्रेंच मापाचा कॅथेटर म्हणजे सुमारे 2 मिलिमीटर जाडीची, साधारण मीटरभर लांब नळी. तिची भिंत मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही पातळ, आणि तेवढ्यात तीन थर: आत निसरडं टेफ्लॉन, मध्ये स्टीलच्या बारीक तारेची वीण, बाहेर नायलॉनच्या जातीचं प्लॅस्टिक. डॉक्टरने बाहेरचं टोक जेवढं फिरवलं तेवढंच आतलं टोक फिरलं पाहिजे. अडकून मग एकदम उसळलं तर धमनीचं आतलं अस्तर फाटतं. इथे लोखंडी नांगर घडवणाऱ्या किर्लोस्करवाडीचा दाखला देऊन भागत नाही. नांगराचा फाळ मोडला तर दुसरा बसवता येतो. कॅथेटरचं टोक रक्तवाहिनीत तुटलं तर माणूस दगावू शकतो. शिवाय 2017च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार अशी साधनं सर्वाधिक जोखमीच्या वर्गात मोडतात. स्वच्छ खोली, निर्जंतुकीकरण, प्राण्यांवरच्या चाचण्या, मग रुग्णांवरच्या. हे वर्कशॉपच्या कोपऱ्यात होणारं काम नाही.

हे सगळं मान्य. पण यातून सिद्ध होतं ते एवढंच की उत्पादन अवघड आहे. रचना परक्यांनीच करावी, हे यातून निघत नाही. पूर्वपक्षाची गफलत नेमकी इथे आहे.

रचनेची सुरुवात यंत्रापासून होत नाही, अडचणीपासून होते. आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरने 1977च्या सप्टेंबरात झुरिकला हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, तो फुगा घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या खटपटीतून आला होता. ते दिवस गेले, असं कोणी म्हणेल. तर जपानकडे पाहा. ते उदाहरण आपल्या जास्त जवळचं आहे. कांजी इनोउए या शल्यचिकित्सकाने 1980च्या दशकाच्या आरंभी हृदयातली आकसलेली मिट्रल झडप उघडण्यासाठी एक फुगा केला. आधी त्याचा पुढचा भाग फुगतो, मग मागचा. झडप मधल्या कमरेत आपोआप पकडली जाते आणि शेवटी ती कमर फुगून झडप मोकळी होते. धडधडत्या हृदयात फुगा जागेवर ठरत नाही, ही अडचण ज्याला ठाऊक होती त्यालाच हा क्रम सुचला. आणि हा रोग कोणाचा? लहानपणी घसा सुजला, संधिवाताचा ताप आला, उपचार झाले नाहीत, आणि विशी-तिशीत पायऱ्या चढताना दम लागू लागला, अशा माणसांचा. श्रीमंत देशांतून हा रोग जवळजवळ हटला आहे. त्याच्यासाठी अधिक चांगलं, अधिक स्वस्त साधन शोधण्याची निकड त्यांना वाटणार नाही. ती आपल्यालाच वाटली पाहिजे.

मनगटातून नळी घालण्याचंही तसंच. 6 फ्रेंचचा कॅथेटर धमनीत आधी बसवलेल्या ज्या आखूड नळीतून, म्हणजे शीथमधून, जातो, ती बाहेरून अडीच मिलिमीटरच्या आसपास भरते. बारीक चणीच्या अनेक बायकांची मनगटातली धमनी त्याहून अरुंद असते. ती आवळली जाते, दुखते, कधी कायमची बंद पडते. टेरुमो या जपानी कंपनीने भिंत पातळ करून बाहेरून एक फ्रेंच कमी भरणारी शीथ काढली. माण-जत भागातल्या शेतमजूर बाईचं मनगट कोणत्या मापाचं, हे मात्र इथल्याच कॅथलॅबमध्ये, म्हणजे कॅथेटर घालण्याच्या दालनात, मोजता येईल.

देशातही दाखला आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वल्याथन यांच्या चमूने कृत्रिम झडप घडवली. आधीचे नमुने फसले. पुढचा टिकला आणि 1990च्या डिसेंबरात पहिल्या रुग्णाला बसला. ती छाती उघडून बसवायची झडप, कॅथेटरने नव्हे. पण इंजिनिअर आणि सर्जन एका आवारात वर्षानुवर्षं बसले, म्हणून ती झाली.

ते आवार आपल्याकडे नाही का? मिरजेत वॉन्लेस रुग्णालय 1894मध्ये सुरू झालं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962पासून आहे; शेजारी सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947चं. कराडात तर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय एकाच गावचे शेजारी. उणीव साधनांपेक्षा संबंधाची अधिक आहे. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून ठिबक सिंचनाचं स्वयंचलन करतो. कॅथलॅबचं दार त्याने पाहिलेलंही नसतं.

म्हणून माझी मागणी लहान आहे. कारखाना नंतर पाहू. सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी, रुग्णाची ओळख झाकून आणि नैतिकता समितीची संमती घेऊन, धमन्यांची मापं आणि अडकलेल्या, वाकलेल्या, अर्ध्यावर सोडून द्याव्या लागलेल्या कॅथेटरची नोंद ठेवावी, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ती मागून घ्यावी. हे काम या वर्षीच सुरू करता येईल.