वेदनाशामकांची आम्लता आणि रायगडातील गिधाडे

पालीच्या दक्षिणेस, याच रायगड जिल्ह्याच्या म्हसळा तालुक्यात चिरगाव हे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचे वीणस्थान आहे. एकेकाळी गावोगाव दिसणारा हा पक्षी दुर्मिळ का झाला, याचे उत्तर पक्षिशास्त्रापेक्षा औषधिशास्त्राच्या इतिहासात शोधावे लागते.

निरोगी ऊतकाचा पीएच सुमारे ७.४ असतो, दाह झालेल्या जागी तो ६.५ च्या आसपास उतरू शकतो. १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आलेले डायक्लोफेनॅक हे सौम्य आम्ल होय. आम्ल परिसरात त्याचे अधिक रेणू विद्युत्भाररहित होतात, पेशीपटल ओलांडतात आणि आतील उदासीन द्रवात पुन्हा भारित होऊन तेथेच अडकतात. औषध दुखऱ्या जागी साठते ते यामुळे. याच दशकात के. ब्रूने यांनी हा विचार मांडला. मात्र जठर व मूत्रपिंड यांतही अशी आम्ले साठतात, हेही त्यांनी निदर्शनास आणले. गुण आणि दोष यांचे मूळ एकच ठरले.

पुढे हे औषध गुरांना सर्रास दिले जाऊ लागले. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेले. मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांच्या अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचे थर जमले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. या ऱ्हासाचे कारण २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून उलगडले, आणि २००६ साली भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी घातली.

पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम निवडले गेले. वस्तुतः तेही सौम्य आम्लच. परंतु गिधाडांच्या शरीरातून ते फार लवकर नाहीसे होते. यावरून असे दिसते की, औषध कोठे साठेल हे आम्लता सांगते. ते किती काळ राहील हे मात्र त्या त्या प्राण्याच्या चयापचयावर अवलंबून असते.

२०१७ साली बर्लिनच्या संशोधकांनी याच आम्लतेचा निराळा उपयोग केला. फेंटॅनिलच्या रेणूत फेरबदल करून त्यांनी असे द्रव्य घडविले की, ते मुख्यतः आम्ल झालेल्या ऊतकातच कार्य करते. उंदरांमध्ये श्वसन न मंदावता वेदना शमली. हा प्रयोग आशादायक आहे खरा; तथापि एका जातीत निर्धोक ठरलेले औषध दुसरीत घातक ठरू शकते, हा गिधाडांनी दिलेला धडा नवे औषध घडविणाऱ्याने विसरता कामा नये.