आठवण करून देणारा संगणक

तुम्हाला वाटेल, तपासणी राहते ती डॉक्टरांना माहीत नसतं म्हणून. १९७६ मध्ये इंडियानापोलिसच्या क्लेमेंट मॅकडोनाल्ड यांनी वेगळंच दाखवलं: संगणकाची सूचना असताना डॉक्टरांनी ५१ टक्के वेळा योग्य कृती केली, नसताना २२ टक्के. अडचण ज्ञानाची नव्हती, माहितीच्या गर्दीची होती.

हेपटायटिस सी वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय यकृत पोखरतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने १९४५ ते १९६५ दरम्यान जन्मलेल्या सर्वांची एकदा तपासणी सुचवली. जन्मसाल तर नोंदीत असतंच! मग अलर्ट लावणं सोपं झालं.

पण अलर्ट फार झाले की डॉक्टर न वाचताच ते बंद करतात. म्हणून तुमच्या अभ्यासात फक्त वाढलेल्या तपासण्या मोजू नका. संसर्ग सापडलेले किती रुग्ण उपचारापर्यंत पोहोचले, तेही मोजा.